स्केल्टन आडनावाचं काय गौडबंगाल आहे?

वाटाड्या_साताऱ्याचा

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात वळवळतोय, हसलात तरी चालेल.

मागच्या जूनमध्ये मुलीकडे स्कॉटलंडला गेलो होतो. डंडीला ती डिस्कव्हरी बोट बघितली, कॅप्टन स्कॉट १९०१ मध्ये जी घेऊन अंटार्क्टिकाला गेला तीच, आता तिकीट काढून आत हिंडता येतं. खाली उतरताना माझं डोकं दोनदा आपटलं ते सोडा. तिथे कळलं की बोटीच्या इंजिनाचा मुख्य माणूस रेजिनाल्ड स्केल्टन होता आणि मोहिमेचे फोटो काढायचं कामही त्याच्याकडेच होतं. परतीच्या आधी दक्षिणेला जावयाच्या मित्राकडे चार दिवस होतो तर चिचेस्टरचं कॅथीड्रल बघायला नेलं त्याने, तिथे बाप्तिस्मा करायचं एक दगडी पात्र आहे, ते कुणी घडवलं तर जॉन स्केल्टन! आणि त्याच रात्री त्या मित्राचा म्हातारा घरमालक घोड्यांच्या शर्यतीवर बोलायला लागला, दर दोन वाक्यांनी स्केल्टन, स्केल्टन.

म्हणजे बर्फात स्केल्टन, दगडात स्केल्टन, घोड्यावर स्केल्टन. हे एकच घराणं आहे का हो? आपल्याकडे कसं एखाद्या घरात गाणं, एखाद्या घरात वैद्यकी, तसं काही? की माझा नुसता योगायोगावर जीव जडलाय?

चहाटळ_चंपू

आधी मला वाचताना 'स्केलेटन' वाचलं. म्हटलं काकांना सगळीकडे सापळे दिसायला लागले, बीपीची गोळी चुकली वाटतं. हलके घ्या.

खडूस_मास्तर

योगायोग. पुढचा धागा.

खडूस_मास्तर

बरं, नीट लिहितो, नाहीतर म्हणाल शिष्ट आहे. हे गावावरून पडलेलं आडनाव आहे. इंग्लंडच्या उत्तरेला स्केल्टन नावाची गावंच तीन-चार आहेत, यॉर्कशायरला आहेत, तिकडे कंब्रियात आहे. जुन्या इंग्रजीत डोंगराच्या पायरीसारख्या सपाट जागेला जो शब्द होता तो अधिक 'टन' म्हणजे वाडी-वस्ती. पायरीवरची वाडी. तोच शब्द दक्षिणेकडे शेल्टन झाला आणि उत्तरेकडे डेन लोक येऊन राहिले होते त्यांच्या जिभेवर 'श'चा 'स्क' झाला. शर्ट आणि स्कर्ट हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत, तसंच हे. तेव्हा एका गावातून बाहेर पडलेल्या दहा माणसांना दहा ठिकाणी लोकांनी स्केल्टन म्हटलं असणार. रक्ताचा संबंध असेलच असं नाही.

सोनचाफा_७

म्हणजे आपलं 'कर' लावल्यासारखंच की. आमच्या सोसायटीत तीन पेडणेकर आहेत, तिघांच्या तीन जाती आणि पार्किंगवरून तिघांचं आपसात पटत नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची

मास्तर +१. आणि मंगेशकर घ्या ना, गाव मंगेशी म्हणून मंगेशकर, दीनानाथांनी घेतलेलं आडनाव. गावातल्या बाकीच्यांना ते लावता आलं असतंच की, त्यांच्या घरात थोडीच गाणं आलं असतं.

पण मास्तर, तुम्ही प्रश्न मारून टाकलात. घराणं एक नाही हे कळलं, पण वाटाड्या काकांनी जे बघितलं ते तर खरंच आहे ना? ही माणसं होती कोण ते तरी सांगू द्या कुणाला.

तिरकी_रेघ

दगडातल्या स्केल्टनबद्दल मी सांगते, माझा विषय आहे (जेजेला अक्षरलेखन शिकलेय, पोट मात्र वेबसाइटी करून भरते). हा जॉन स्केल्टन १९२३ चा, गेला १९९९ ला. एरिक गिल नावाचा जो मोठा शिल्पकार आणि अक्षरकार होता त्याचा हा भाचा आणि उमेदवारीही त्याच्याकडेच केली, पण गिल १९४० मध्ये गेला तेव्हा जेमतेम काही महिनेच मिळाले. पुढे ससेक्समध्ये स्वतःची कार्यशाळा काढली. तुम्ही बघितलेलं पात्र १९८३ चं आहे. कॉर्नवॉलचा पॉलिफंट नावाचा दगड आणि आत तांब्याचं भांडं. हा दगड मऊ असतो, घासला की हिरवट काळा होतो. तांब्याच्या भांड्यात पाणी असलं की वरच्या खिडकीचा उजेड त्यात पडतो. तुम्ही गेलात तेव्हा पाणी होतं का?

दगडात अक्षर कोरणं म्हणजे काय असतं ते एकदा हातात छिन्नी घेतल्याशिवाय कळत नाही. मी एकदाच कोरलंय. 'ळ'. तीन तास लागले आणि शेवटी ळ चा ठ झाला.

वाटाड्या_साताऱ्याचा

होतं की पाणी! मी बोट घालून बघितलं आणि मुलगी माझ्यावर ओरडली. तांबं बघून मला आपला घंगाळ आठवला, ते काही मी तिला सांगितलं नाही.

चहाटळ_चंपू

ळ चा ठ, हसून हसून पुरेवाट. बाळ चा बाठ झाला असेल.

उंटावरचा_शहाणा

कलेत आणखी स्केल्टन आहेत. एक जोनाथन स्केल्टन म्हणून जलरंगवाला होता अठराव्या शतकात, १७५८ मध्ये रोमला आणि तिवोलीला जाऊन रंगवत होता, १७५९ च्या जानेवारीत तिथेच वारला बिचारा. आणि अमेरिकेत रेड स्केल्टन, विनोदी नट, रेडिओ-टीव्हीवर गाजलेला. त्याचा बाप सर्कशीत विदूषक होता आणि हा जन्मायच्या आधीच गेला. हा गडी मग आयुष्यभर विदूषकांचीच तैलचित्रं रंगवत बसला, ती विकलीही गेली धो धो. बापाला कधी बघितलं नाही आणि चेहरे रंगवतोय विदूषकांचे, मला ते जरा लागलं.

शिवाय जॉन स्केल्टन नावाचा कवी पण आहे, आठव्या हेन्रीला लहानपणी शिकवायला होता. दोन-तीन शब्दांच्या छोट्या छोट्या ओळी आणि एकच यमक धरून सुटायचं ते दम लागेपर्यंत. मेलेल्या चिमणीवर लांबलचक शोकगीत आहे त्याचं. या पद्धतीला त्याच्याच नावाने ओळखतात.

खडूस_मास्तर

आला, विकिपीडिया आला. अशा पद्धतीने कुठलंही आडनाव घेऊन काहीही सिद्ध करता येतं. स्मिथ घ्या, दहा चित्रकार, दहा दर्यावर्दी आणि शंभर घोडेवाले काढून देतो.

उंटावरचा_शहाणा

मास्तर, सिद्ध कोण करतंय? गप्पा मारतोय. स्मिथमध्ये मजा नाही, पोत्याने मिळतात. स्केल्टन मोजके आहेत म्हणून तर लक्ष जातं.

नेनेवाटेवरून

घोड्यावरच्या स्केल्टनबद्दल कुणी लिहीना म्हणून मी लिहितो. मी गेली अकरा वर्षं कोव्हेंट्रीला आहे. निक स्केल्टन आमच्या शेजारच्या गावचा, बेडवर्थचा. लिहायचं बेडवर्थ आणि इथली जुनी माणसं म्हणणार बेडुथ, पहिल्या वर्षी मी बस ड्रायव्हरला चारदा विचारलं होतं आणि तो चारही वेळा कुठे म्हणाला.

हा माणूस शर्यतीचा नाही, शो जंपिंगचा, म्हणजे मैदानात अडथळे मांडलेले असतात त्यावरून घोडा उडवायचा. वरची दांडी पाडली की चार फॉल्ट म्हणजे दंडाचे गुण, वेळ जास्त घेतला तर त्याचे वेगळे. १९७८ मध्ये, वय वीस, लंडनच्या ऑलिंपिया नावाच्या हॉलमध्ये लॅस्टिक नावाच्या घोड्यावर सात फूट सात इंचांच्या वर उडी मारली, ब्रिटिश विक्रम. दोन मीटर बत्तीस सेंटिमीटर. तुमच्या घरातला दरवाजा बघा आणि त्याच्या चौकटीच्या वरून घोडा जातोय असं समजा, वर माणूस बसलेला.

२००० मध्ये पडला आणि मान मोडली. डॉक्टर म्हणाले पुन्हा बसू नका, त्याने निवृत्ती घेतली आणि पुढच्याच वर्षा-दीड वर्षात परत खोगिरावर. २०१२ ला लंडनमध्ये बिग स्टार नावाच्या घोड्यावर सांघिक सुवर्ण, ब्रिटनला या प्रकारात साठ वर्षांनी मिळालेलं. आणि २०१६ ला रिओत, त्याचं सातवं ऑलिंपिक, वय ५८, तोच घोडा, वैयक्तिक सुवर्ण. सहा जण बरोबरीत होते, जंप-ऑफमध्ये म्हणजे बरोबरी फोडायच्या फेरीत हा पहिला गेला. पहिला जाणं वाईट, कारण किती जोरात जायचं ते समोर कुणी दाखवलेलं नसतं. याने ४२.८२ सेकंदांत एकही दांडी न पाडता संपवलं आणि मग बाहेर उभा राहून बाकी पाच जणांचं बघत बसला. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कामाचं नाव नव्हतं, आमची रिसेप्शनिस्ट बेडवर्थची, ती टेबलावर उभी राहिली होती.

भटकभवानी

५८ व्या वर्षी! मी ४१ ची आहे आणि माथेरानला घोड्यावर बसले तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. घोड्याचं नाव शाहरुख होतं. त्याने वाटेत तीनदा थांबून गवत खाल्लं आणि घोडेवाला मला म्हणतो, ताई तुम्ही लगाम धरून गप बसा, त्याला रस्ता माहितीय.

नेनेवाटेवरून

बरोबर बोलला तो :)

आणि मास्तर, इथे मात्र घराणं आहे बरं का, नुसतं आडनाव नाही. निकचा थोरला डॅन हा शर्यतीच्या घोड्यांचा ट्रेनर, बेडवर्थच्याच परगण्यात अल्स्टरला तबेला आहे, धाकटा हॅरी जॉकी. २०२०-२१ च्या हंगामात अडथळ्यांच्या शर्यतींमधला चॅम्पियन जॉकी हॅरी होता. हॅरीची बायको ब्रिजेट पण जॉकी होती, २०१८ मध्ये चेल्टनहॅमच्या शर्यतीत दिराच्या तबेल्यातल्या घोड्यावर जिंकली होती. म्हणजे घोडा दिराचा, स्वार वहिनी. काकांचा घरमालक नक्की यांच्याबद्दलच बोलत असणार.

दुरुस्ती: अल्स्टर नाही, ऑल्स्टर. अल्स्टर आयर्लंडला. लोक लगेच धरतील म्हणून आधीच.

पागेवाडीचा_बाळ्या

यावरून आठवलं, आपल्याकडे घोड्याची आडनावं किती आहेत बघा. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, पागे, पागनीस हे पागेशी संबंध असलेले. घोडके, घोरपडे.

खडूस_मास्तर

घोरपडे घोड्यावरून नाही. घोरपडीवरून. किल्ल्याच्या भिंतीला घोरपड लावून चढल्याची कथा आहे ना, ती.

पागेवाडीचा_बाळ्या

मास्तर सुट्टीवर कधी जाता तुम्ही?

सोनचाफा_७

बाळ्या, शिलेदारांचं काय छान सांगितलंस. घोड्याचं आडनाव आणि आज शिलेदार म्हटलं की कुणाला घोडा आठवत नाही, जयराम-जयमाला शिलेदार आणि कीर्ती आठवतात. संगीत नाटकाचं अख्खं घर. आमची आई सौभद्र बघायला दोन बस बदलून जायची. म्हणजे काकांनी विचारलेल्या तीनपैकी दोन गोष्टी आपल्याच एका आडनावात आल्या की, तिसरी दर्यावर्दी तेवढी राहिली.

कोपऱ्यातली_खुर्ची

त्यासाठी तांडेल आहेत, सारंग आहेत, नाखवा आहेत. एखाद्या तांडेलांच्या मुलीचं शिलेदारांत लग्न लावून द्या, स्केल्टन तयार.

चहाटळ_चंपू

आणि पत्रिका कोण जुळवणार? खडूस मास्तर. एकनाड म्हणून मोडतील.

बर्फाळ_गोंयकार

धागा मस्त चाललाय. बर्फातल्या स्केल्टनवर कुणी आलंच नाही म्हणून मी. (वास्कोला हेडलँड सड्यावर जी ध्रुवीय संशोधनाची संस्था आहे तिथल्या कँटीनचा चहा मी पुष्कळ प्यालोय, एवढीच माझी लायकी. दोस्त तिथून अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री स्टेशनवर जाऊन आला.)

रेजिनाल्ड स्केल्टन लिंकनशायरचा, १८७२ चा जन्म, नौदलात इंजिनियर. डिस्कव्हरी डंडीला बांधत होते तेव्हापासून हा तिच्या मागे उभा. फोटो काढले, काचेच्या निगेटिव्ह, ते सांभाळत बर्फावर. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये केप क्रोझियरला कड्यावरून याला खाली समुद्राच्या गोठलेल्या बर्फावर एम्परर पेंग्विनांची वसाहत दिसली. ते पक्षी अंडी घालतात कुठे हे तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. नऊ वर्षांनी याच जागेवर अंडी आणायला तिघे जण ऐन हिवाळ्याच्या काळोखात चालत गेले, ती भयंकर गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल.

पण मला सांगायचंय ते मोटार स्लेजचं. स्कॉट दुसऱ्यांदा जायचं म्हणाला तेव्हा बर्फावर चालणारी, साखळीच्या पट्ट्यांची मोटार गाडी तयार करायच्या कामात स्केल्टन पुढे होता, नॉर्वेत नेऊन चाचण्या केल्या. एवढं करून त्याला मोहिमेवर नेलंच नाही! कारण काय, तर ज्याला स्कॉटचा दुय्यम केलं होतं तो टेडी एव्हान्स याच्यापेक्षा हुद्द्याने खाली, मग वरच्या हुद्द्याचा माणूस हाताखाली कसा ठेवायचा. झालं. तीन गाड्या गेल्या. एक तर जानेवारी १९११ मध्ये बोटीवरून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन ऑक्टोबरच्या शेवटी निघाल्या आणि आठवडाभरात सिलिंडर जाऊन बंद पडल्या. ज्याला इंजिन कळत होतं तो इंग्लंडात.

भटकभवानी

ऑफिस पॉलिटिक्स! शंभर वर्षांत काहीही बदललेलं नाही. माझ्या आधीच्या कंपनीत जिने सॉफ्टवेअर लिहिलं तिलाच क्लायंटकडे नेलं नाही, कारण ती मॅनेजरला सीनियर पडत होती. तिथे डेमो बंद पडला.

उंटावरचा_शहाणा

गोंयकार, सुंदर. यात घोडे पण आहेत की! मोटार बंद पडल्यावर भिस्त होती मांचुरियन तट्टांवर, एकोणीस आणली होती, आणि ती सांभाळायला कॅप्टन ओट्स, घोडदळातला. हा ओट्स मोहिमेसाठी अर्ज केला तेव्हा आपल्या महूच्या छावणीत होता. महू म्हणजे इंदूरजवळचं, बाबासाहेबांचं जन्मगाव. तट्टं बघून ओट्सने कपाळाला हात लावला होता, म्हातारी, लंगडी, काय काय. त्यानेच सुचवलं होतं की हिमालयातली खेचरं आणा. दुसऱ्या वर्षी हिंदुस्थान सरकारने सात खेचरं पाठवली खरी, पण ती कामाला लागायच्या आधीच ओट्स गेलेला होता, आणि खेचरं कामाला लागली ती ध्रुवावरून न परतलेल्या स्कॉट-ओट्स मंडळींनाच शोधायला. नावं ऐका त्यांची: लाल खान, गुलाब, बेगम, राणी, प्यारी, अब्दुल्ला, खान साहेब.

तिरकी_रेघ

अंटार्क्टिकात प्यारी. अरे देवा.

खडूस_मास्तर

हे मला माहीत नव्हतं. खेचरांचं.

सोनचाफा_७

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय मी याचा.

खडूस_मास्तर

त्या बदल्यात एक देतो. आर. ए. स्केल्टन, ब्रिटिश म्युझियमच्या नकाशा विभागाचा प्रमुख. जुन्या दर्यावर्दींच्या नकाशांवर त्याचा अधिकार मोठा. १९६५ मध्ये येल विद्यापीठाने एक नकाशा जाहीर केला, कोलंबसाच्या आधी व्हायकिंग अमेरिकेला पोचले होते हे दाखवणारा, विनलंड मॅप. त्याच्यावरच्या ग्रंथात स्केल्टन एक लेखक. चर्मपत्र खरोखर पंधराव्या शतकातलं, पण शाईत टायटॅनियमचं असं संयुग निघालं जे शाईत वापरायला सुरुवातच १९२० नंतर झाली. २०२१ मध्ये येलने स्वतःच सांगून टाकलं की बनावट आहे. स्केल्टन १९७० मध्येच गेला होता. व्हायकिंग पोचले होते हे मात्र खरं, न्यूफाउंडलंडला त्यांची घरं सापडलीत.

चहाटळ_चंपू

मास्तर घसरले, स्वतःच स्केल्टन शोधायला लागले. स्क्रीनशॉट नंबर दोन.

वाटाड्या_साताऱ्याचा

काय दिलंत मंडळी! मी आपला एका ओळीच्या उत्तराची वाट बघत होतो. मुलीला सगळं वाचून दाखवलं फोनवर, ती म्हणते बाबा तुम्ही पाण्यात बोट घातलेलं पण लिहिलंत का.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर असं धरतो की घराणं एक नाही, फक्त निकच्या घरात घोडा पिढीजात. चालेल. पण गोंयकार, तो इंजिनवाला पुढे काय झाला? तेवढं मनाला लागून राहिलंय.

बर्फाळ_गोंयकार

काका, त्याचं वाईट झालं नाही. पहिल्या महायुद्धात जटलंडच्या लढाईत होता, पुढे अख्ख्या नौदलाचा मुख्य इंजिनियर झाला, सर झाला, १९५६ मध्ये गेला. आणि अंटार्क्टिकात त्याच्या नावाची हिमनदी आहे, स्केल्टन ग्लेशियर. खालच्या बर्फाच्या सपाटीवरून वर ध्रुवाच्या पठारावर चढायची वाट.

तो गेल्यावर पुढच्याच वर्षी एडमंड हिलरी त्याच वाटेने चढला. शेतातले ट्रॅक्टर घेऊन, फर्ग्युसन, चाकांवर पट्टे चढवलेले. ४ जानेवारी १९५८ ला ट्रॅक्टर चालवत दक्षिण ध्रुवावर पोचले. गाडीवर बसून जमिनीवरून ध्रुवापर्यंत पोचणारे ते पहिले.

नेनेवाटेवरून

थांबा थांबा. फर्ग्युसन टीई २० का? करड्या रंगाचा छोटा?

बर्फाळ_गोंयकार

तोच.

नेनेवाटेवरून

अहो तो आमच्या कोव्हेंट्रीचा! बॅनर लेनच्या कारखान्यात बनायचे. कारखाना गेला, आता तिथे घरं झालीत, आणि आम्ही भाड्याने राहतो ते तिथून सायकलने दहा मिनिटांवर. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी उमेदीची सगळी वर्षं तिथे काढली, गॅरेजमध्ये त्यांच्याकडे त्या ट्रॅक्टरचा एक पत्र्याचा डबा अजून आहे, त्यात खिळे ठेवतात. बेडवर्थ इथून सहा-सात मैल.

चहाटळ_चंपू

आजोबांचं आडनाव विचारा.

नेनेवाटेवरून

विचारलं. पटेल.